मिशन स्टेटमेंट : ध्येयवाक्य की ब्रीदवाक्य?

शब्दवेल्हाळ : चाकणच्या एका कारखान्याची कर्मचारी-पुस्तिका मराठीत करतेय. 'मिशन स्टेटमेंट'ला मी 'ध्येयवाक्य' लिहिलं, एचआरने खोडून 'ब्रीदवाक्य' केलं. कंपनी कशासाठी आहे हे सांगणारा तो मजकूर चांगला परिच्छेदभर आहे. ग्राहक, गुणवत्ता, समाज, सगळं त्यात. याला ब्रीदवाक्य म्हणायचं?

कृष्णाकाठ : मुळीच नाही. ब्रीदवाक्य एका दमात म्हणता यायला हवं. पोलिसांचं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', एसटीचं 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'.

जुनीपोथी : प्रश्न लांबीचा नाही. ब्रीद म्हणजे बाणा, आणि तो राखावा लागतो. पतितपावन हे देवाचं ब्रीद. ते राखलं नाही तर नामदेव त्यालाच जाब विचारून माघारी निघतात. कंपनीला तसा जाब विचारता येणार असेल तर खुशाल ब्रीद म्हणा.

तिसरीपाळी : हे पटलं. आमच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रांच्या विभागात, भिंतभर 'सुरक्षितता प्रथम' होतं. प्रेसला दोन बटणं, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे हात आत सापडू नये. महिनाअखेरीला सुपरवायझर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायला लावायचे, म्हणजे एक हात मोकळा आणि नग जास्त. नवी पोरं भिंतीवरचं नाही, ती पट्टी बघून शिकायची.

जुनीपोथी : एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या जाहीर मूल्यांतही सचोटी होतीच, 2001 मध्ये दिवाळं निघेपर्यंत.

कृष्णाकाठ : उलटही घडतं. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, स्वावलंबी शिक्षण हे तिचं ब्रीद. तिथे 'कमवा आणि शिका' होतं, मुलं खरोखर राबून शिकली. बाय द वे, ब्रीद हे 'व्रत'वरून आलं असणार.

जुनीपोथी : नाही हो, 'बिरुद'वरून. बिरुदावली आठवा.

कृष्णाकाठ : अर्थ तर व्रताच्याच जवळचा आहे.

साधासरळ : मंडळी, 'मिशन'च ठेवा ना. सरकारसुद्धा 'जल जीवन मिशन' लिहितं.

जुनीपोथी : ते मिशन म्हणजे मोहीम, ती संपते. आणि सरकार लिहितं म्हणून आपण का लिहायचं? असंच एकेक शब्द सोडत गेलो.

तिसरीपाळी : कामगाराला कळणारा शब्द घ्या. 'ध्येयवाक्य' आमच्या लाइनवर कुणी बोलत नाही.

शब्दवेल्हाळ : पुस्तिका सोमवारी द्यायची आहे. 'आमचं ध्येय' एवढंच लिहिलं तर?

जुनीपोथी : 'आमचं' म्हणजे नक्की कुणाचं? कामगारांना विचारून लिहिलंय का ते?