एसीसीतली टीव्हीच्या पैशांची वाटणी: मदत हवी आहे

मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉल कोळून प्यायलेलं कुणी आहे का इथे?

पॅक-१२ ही विद्यापीठ संघांची लीग फुटल्यावर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, अशीच दुसरी लीग) गेले, तेही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशांत पूर्ण सदस्याच्या वाट्याच्या जेमतेम ३० टक्क्यांवर. (तेव्हाच आलेल्या एसएमयूने, म्हणजे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने, तर नऊ वर्षं त्या पैशांवर पाणीच सोडलं!) इथवर कळलं. मग मार्च २०२५ मध्ये एसीसीशी कोर्टात भांडणाऱ्या फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या तिच्याच सदस्यांशी तडजोड झाली आणि नवं सूत्र आलं: ४० टक्के समान, ६० टक्के पाच वर्षांच्या सरासरी प्रेक्षकसंख्येवर.

तडजोडीच्या बातम्या चाळल्या, सगळा भर फ्लोरिडा स्टेटवर. प्लेऑफचे पैसे सध्या बाजूला ठेवा. कॅलचा ३० टक्के वाटा आधी वेगळा काढून उरलेल्याची ४०-६० वाटणी होते, की कॅललाही प्रेक्षकसंख्येचा हिशेब लागतो?