गड्ड्याच्या रील्सवर लघुप्रबंध: १०० जणांचा फॉर्म पुरेल का?

चाटीगल्ली: एम.ए. पत्रकारिता, शेवटचं सत्र. विषय 'सिद्धेश्वर यात्रेवर (सोलापूरचा गड्डा) समाजमाध्यमांचा परिणाम'. गूगल फॉर्मवर १०० उत्तरं आणि थोड्या कॉमेंट, एवढं पुरेल का?

शेंगाचटणी: नाही पुरणार. फॉर्मची लिंक तुमच्याच ओळखीत फिरते, म्हणजे १०० उत्तरं नव्हे, १०० मित्र. आणि 'परिणाम' म्हणायचं तर आधीची नोंद लागते, ती कुठाय? प्रश्न लहान करा: यात्रेतलं रीलमध्ये काय येतं, काय गळतं? नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलण्याचा क्षण ३० सेकंदांत बसतो. अक्षता सोहळ्यातलं, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नातलं, संमती वाचन बसतं का?

यूट्यूबच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती काढायची सोय) रोज १०,००० युनिट मिळतात. एका शोधाला १०० जातात, कॉमेंटच्या पानाला मात्र १, आणि पानावर १०० पर्यंत कॉमेंट. म्हणून शोध हाताने करा, लॉगआउट होऊन, आणि व्हिडिओचे आयडी तारखेसह शीटमध्ये उतरवा. नुसतं रोमनमध्ये 'गड्डा' शोधू नका. त्याच स्पेलिंगने कन्नड दाढ्या ('गड्ड') आणि हिंदी गाद्या ('गद्दा') येतील! सोबत 'सोलापूर' जोडा. जुन्या प्रबंधातली पद्धतही उचलू नका: ट्विटरची संशोधकांसाठीची मोफत सोय २०२३ मध्ये गेली, फेसबुक-इन्स्टाच्या पोस्ट शोधायचं मेटाचं साधन क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं.

नवी_पेठ_०७: कॉमेंट सकारात्मक की नकारात्मक, हे ठरवणं सॉफ्टवेअरवर सोडू नका. एकाच ओळीत मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी, तीही रोमनमध्ये. 'खतरनाक' ही दाद आहे हे त्याला कळत नाही. 'हर्र बोला हर्र' ला वेगळा रकाना द्या. तो जयघोष आहे, मत नाही. 'सकारात्मक'मध्ये टाकलात तर सगळे आकडे फुगतील. आधी १०० कॉमेंट दोघांनी स्वतंत्रपणे वर्गवारीत टाका आणि क्रिपेनडॉर्फ अल्फा (दोघांची वर्गवारी किती जुळते याचं माप) काढा. ०.८० च्या वर चांगला, ०.६६७ च्या खाली आला तर रकान्यांच्या व्याख्याच ढिल्या आहेत. त्या दुरुस्त करून नव्या १०० वर पुन्हा.

चाटीगल्ली: आणि गल्लीतल्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप? ॲडमिन हो म्हणालेत.

शेंगाचटणी: ॲडमिनचा होकार म्हणजे सगळ्यांचा नव्हे की ओ. ग्रुपवर हेतू लिहा, नको म्हणणाऱ्यांचे मेसेज वगळा, नंबरांऐवजी 'स१', 'स२' टाका. एक्स्पोर्ट केलेल्या फाईलमध्ये 'फॉरवर्डेड'ची खूण येत नाही, ती फोनवर बघून हाताने नोंदवावी लागेल. अभ्यास फॉरवर्डचाच असेल तर यातच आठवडा जातो, तेव्हा चार दिवसांचेच मेसेज घ्या.