चेंगराचेंगरी: दोष गर्दीच्या स्वभावाचा की गर्दी हाताळण्याचा?

(टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

मोजपट्टी

मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 ला जवळपास तीनशे माणसे गेली. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला 23 गेली, तर प्रयागराजच्या संगमावर 29 जानेवारी 2025 ला सरकारी आकड्यानुसार 30. अशी घटना घडली की पहिल्याच दिवशी कानावर येते, ‘गर्दी बेभान झाली, लोक एकमेकांना तुडवत पळाले.’

गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो आणि भावना साथीसारखी पसरते, हे फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ याने 1895 मध्ये मांडले. पॅरिस कम्यूनचा, म्हणजे 1871 चा कामगारांचा उठाव ज्यांनी धास्तावून पाहिला होता, त्या वर्गाला ते लगेच पटले. पण पुढे समाजशास्त्रज्ञांनी वाचलेल्यांचे जबाब नीट तपासले, तेव्हा वेगळेच दिसले. अमेरिकेत सिनसिनाटीला 1979 मध्ये संगीत कार्यक्रमाच्या दारात 11 जण मेले. नॉरिस जॉन्सन यांनी त्या घटनेचा अभ्यास केला. पडलेल्यांना उचलायला आजूबाजूचे लोक धडपडत होते, आणि मागच्यांना पुढे काय चालले आहे याचा पत्ताच नव्हता. लंडनच्या भुयारी रेल्वेतील 2005 च्या स्फोटांनंतर मानसशास्त्रज्ञ जॉन ड्रुरी आणि सहकाऱ्यांनाही अनोळखी माणसांनी एकमेकांना केलेली मदतच जास्त सापडली.

मग माणसे मरतात कशाने? तीन मीटर रुंदीचा जिना घ्या. ब्रिटनच्या क्रीडांगण सुरक्षा नियमांत जिन्यावरून दर मीटर रुंदीला मिनिटाला जास्तीत जास्त 66 माणसे धरतात, म्हणजे इथे सुमारे 200. जिन्याच्या वर 60 चौरस मीटरचा पूल आहे आणि त्यावर 120 माणसे आरामात चालत आहेत, असे समजा. आता पाऊस आला, जिन्याच्या तोंडाशी लोक आडोशाला थांबले आणि बाहेर जाणे बंद पडले. आत येणे मात्र त्याच वेगाने चालू राहिले. सव्वा मिनिटात पुलावर 360 माणसे होतात, म्हणजे चौरस मीटरला सहा. यात कोणीही बेभान झालेले नाही. प्रत्येक जण रोजच्यासारखाच कामाला निघाला आहे.

गर्दीला वेडी ठरवण्याची किंमत 15 एप्रिल 1989 ला इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर 97 जणांनी मोजली. जाळीमागे माणसे चिरडत असताना, प्रेक्षक दंगा करायला मैदानात घुसत आहेत असे समजून पोलीस त्यांना मागे ढकलत होते. प्रेक्षकांचा दोष नव्हता हे ज्युरीच्या निकालात यायला 2016 साल उजाडले. म्हणून माझे म्हणणे असे, की चौकशीत ‘लोक का बिथरले’ हा प्रश्नच नको. घनता किती होती, आवक थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि मागच्यांना कोणी काय सांगितले, एवढेच विचारावे.

घाटावरचा

मोजपट्टी, तुमचे गणित मान्य, निष्कर्ष नाही. ऑगस्ट 2003 मध्ये नाशिकच्या कुंभात 39 भाविक गेले. मिरवणुकीतून नाणी उधळली गेली आणि ती घ्यायला लोक वाकले, असे तेव्हापासून सांगितले जाते. ते खरे असेल तर तिथे माणसांनी काय केले याला महत्त्व आहेच.

मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर मिंट्झ यांचा 1951 चा प्रयोगही बघा. अरुंद तोंडाच्या बाटलीत शंकू ठेवले आणि त्यांच्या दोऱ्या वेगवेगळ्या लोकांच्या हातात दिल्या. एका वेळी एकच शंकू बाहेर येऊ शकत होता. ज्याचा शंकू आधी सुटेल त्याला बक्षीस आणि मागे राहील त्याला दंड म्हटल्याबरोबर बाटलीचे तोंड वारंवार तुंबू लागले. आगीची भीती नव्हती की आरडाओरडा नव्हता, फक्त चढाओढ होती. सगळे आयोजकावर आणि घनतेवर ढकलले की नागरिक म्हणजे निव्वळ वजन उरते, त्याची जबाबदारी संपते. मला ते पटत नाही.

मोजपट्टी

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग सांगायला हवा. सगळ्यांनी मिळून करायचे काम म्हणून तेच दिले, तेव्हा बाटली तुंबली नाही. म्हणजे चढाओढ बक्षिसाच्या रचनेतून आली. आपल्याकडे ती रचना कोण करते? ‘दर्शन बारा वाजता बंद’ ही घोषणा, अमुक घटकेलाच स्नान केले तर पुण्य हा प्रचार, एका बाजूला मोकळी सोडलेली खास पासवाल्यांची रांग. मुद्दाम केल्यासारखी चढाओढ पेटते यातून.

चुनखडी

दोघेही मनाबद्दल बोलता आहात. चौरस मीटरला सहा-सात माणसे झाली की मन कसेही असले तरी फरक पडत नाही. सातच्या आसपास गर्दी द्रवासारखी वागते, धक्क्याची लाट माणसाला पाय न हलवता तीन मीटर नेऊ शकते, असे गर्दीचा अभ्यास करणारे अभियंते जॉन फ्रुइन यांनी नोंदवले आहे. बहुतेक मृत्यू तुडवल्याने होत नाहीत. छाती फुलायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो.

त्यामुळे काम सहाच्या खूप आधी करावे लागते. जमिनीवर तीन बाय तीन मीटरचे चौकोन चुन्याने आखा, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतील असे. चौकोनात 27 माणसे दिसली की सावध. 36 झाली की आवक बंद, कोणालाही न विचारता. बंद कुठे करायची हे नेहमी चुकते. चिंचोळ्या जागेच्या तोंडाशी बॅरिकेड आडवे लावले की मागून येणारा लोंढा त्याच बॅरिकेडवर आदळतो. थांबवायचे ते तिथून पाच-सातशे मीटर मागे, मोकळ्या मैदानात. मागचे थांबल्याची खात्री झाल्यावरच पुढच्यांना सोडायचे.

मोजपट्टी, 66 हा आकडा इथे जसाच्या तसा वापरू नका. कडेवर मूल, डोक्यावर गाठोडे आणि ओल्या पायऱ्या असतील तर तो फारच आशावादी आहे. मांढरदेवीला फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. मी अशा जागी निम्मा धरेन.

टाळकरी

चौकोन आखाल, पण मागच्यांना निरोप कसा पोचणार? आपल्याकडे त्याची उत्तम पद्धत आहे आणि ती कोणी अभ्यासत नाही याचे वाईट वाटते. माउलींच्या पालखीत मुक्कामी समाजआरतीला दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढी दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याची माहिती दिली जाते आणि पुढची आरती होते.

यात समाजशास्त्राच्या दृष्टीने दोन गोष्टी आहेत. आज्ञा देणारा माणूस गर्दीला आपला वाटतो, म्हणून एका दंडाच्या खुणेवर शांतता होते. आणि निरोप उलटाही जातो, तळातून वर. आपल्या बंदोबस्तात कर्णे भरपूर असतात, पण ‘इथे श्वास कोंडतोय’ हे नियंत्रण कक्षाला कळवायचा मार्ग गर्दीतल्या माणसाला नसतो.

घाटावरचा

टाळकरी, उदाहरण सुंदर, पण ते कुंभाला लागू पडत नाही. दिंडीला नंबर असतो, जागा ठरलेली असते, विणेकरी असतो, माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखतात. पर्वणीला रामकुंडावर येणारी माणसे दहा राज्यांतली, दहा भाषांतली. रात्रभर प्रवास करून आलेल्या त्या कुटुंबांना चोपदार कुठला?

टाळकरी

ओळख जुनीच लागते असे नाही. प्रयागच्या माघ मेळ्यावर भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून काम केले. महिनाभर थंडीत, गोंगाटात, दाटीत राहिलेल्या कल्पवासींनी परतल्यावर स्वतःचे आरोग्य गावी राहिलेल्यांपेक्षा बरे असल्याचे सांगितले, आणि त्याचा संबंध ‘आपण सगळे एक’ या भावनेशी दिसला. मात्र महिना आणि एक सकाळ यात फरक आहे, हे तुमचे बरोबर. म्हणून राज्यागणिक त्या-त्या भाषेत बोलणारे स्वयंसेवक हवेत. पाचशे माणसांमागे एक, गर्दीच्या कडेला नव्हे तर आत उभा. त्याच्या हातात उंच काठीवरचा रंगीत झेंडा. लाल वर गेला की तिथेच थांबायचे, आणि किती वेळ व का ते लगेच सांगायचे. कारण न सांगता रोखलेली माणसे पुढे रेटू लागतात.

चुनखडी

लाल झेंडा वर गेल्यावर वायरलेसवर ‘साहेबांना विचारतो’ म्हणण्यात तीन मिनिटे गेली, तर वरच्या गणिताप्रमाणे दोनदा उशीर झालेला असतो. अधिकार त्या फाटकावरच्या माणसाकडे हवा, लेखी.

घाटावरचा

यावर माझी पूर्ण सहमती, आणि माझा जबाबदारीचा मुद्दाही इथेच येतो. 2027 च्या सिंहस्थाच्या आराखड्यात प्रत्येक अरुंद गल्लीपुढे एका अधिकाऱ्याचे नाव, त्याची थांबवण्याची मर्यादा आणि त्याच्या पाळीची वेळ छापून लोकांसमोर लावा. आखाडे, पुरोहित संघ यांनी स्नान दिवसभरात केव्हाही चालेल हे आधीच्या महिन्यापासून सांगायला घ्यावे. भाविकांनी काय करायचे तेही मग सांगता येईल: झेंडा लाल असेल तर पाऊल टाकायचे नाही, हात छातीपुढे ठेवायचे, पडलेली वस्तू उचलायला वाकायचे नाही. मोजपट्टी, हे तिन्ही नागरिकाच्या हातात आहे. तुमच्या तीन प्रश्नांत त्यासाठी चौथा घाला.

मोजपट्टी

घालतो, पण क्रमाने चौथाच. आणि लोकांना ते कोणी, कोणत्या भाषेत, किती दिवस आधी सांगितले होते याचा पुरावा मिळाल्याशिवाय तो विचारायचा नाही.