नव्याने घेतलेल्या शिडाच्या बोटीचा पहिलाच १४० सागरी मैलांचा प्रवास: एका दमात करावा की टप्प्याटप्प्याने?

पहिले शीड

नमस्कार. आम्ही पती-पत्नींनी गेल्या महिन्यात १० मीटर लांबीची, २६ वर्षे जुनी शिडाची बोट विकत घेतली. बोट सध्या आधीच्या मालकाच्या बंदरात आहे आणि ती आमच्या बंदरापर्यंत आणायची आहे. किनाऱ्याला धरून हे अंतर १४० सागरी मैल भरते. आम्हा दोघांनाही शिडे हाताळण्याचे प्रशिक्षण मिळालेले आहे आणि इतरांच्या बोटींवर आम्ही दिवसाचे बरेच प्रवास केलेले आहेत. मात्र रात्रीचा प्रवास आणि तोही केवळ आपल्या दोघांच्या जबाबदारीवर, आम्ही अजून केलेला नाही.

बोट ६ नॉटचा, म्हणजे ताशी ६ सागरी मैलांचा, वेग सहज धरते, असे विक्रेत्याने सांगितले. त्या हिशेबाने साधारण २४ तासांत आपण घरी पोहोचू, असे मी धरून चाललो आहे. खरेदीपूर्वी तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी करून घेतली होती. त्या अहवालात सांगाड्याबद्दल गंभीर तक्रार नाही, परंतु डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या याची नोंद कोठेही नाही. बोट गेली दोन वर्षे जवळजवळ जागेवरच उभी होती. तिला तरंगण्यासाठी १.८ मीटर पाणी लागते आणि आमच्या बंदराच्या तोंडाशी नकाशावर १.५ मीटर खोली दाखवलेली आहे, त्यामुळे आत शिरताना भरतीची वेळ साधावी लागणार आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. हा प्रवास एक रात्र धरून सलग करावा, की वाटेतल्या तीन बंदरांत मुक्काम करत चार दिवसांत करावा? आणि निघण्यापूर्वी हाताशी असलेल्या मोजक्या दिवसांत कोणती कामे आधी घ्यावीत? सुटी नऊ दिवसांची आहे.

खोल पाणी

अभिनंदन. आपल्या दोन्ही प्रश्नांआधी एक तिसरा प्रश्न येतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. ही बोट आपल्याला अजून माहीत नाही. दोन वर्षे जागेवर उभ्या असलेल्या बोटीत काय बिघडले आहे हे धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत कळत नाही, ते लाटांत कळते. म्हणून पहिले दोन दिवस प्रवासाचे धरूच नका. त्याच बंदरातून बाहेर पडून १०-१२ मैलांचा फेरा मारा, शिडे पूर्ण उघडा, ती आखूड करण्याचा सराव करा, इंजिन सलग तीन तास नेहमीच्या प्रवासातल्या गतीने चालवा आणि परत या. त्यातून दुरुस्तीची जी यादी तयार होईल, ती कोणत्याही अहवालापेक्षा आपल्या अधिक उपयोगाची असेल.

डिझेलच्या टाकीबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण माझ्या पहिल्या बोटीवर मी हे काम टाळले होते. बंदराबाहेर चार मैलांवर लाटा वाढल्या, टाकी घुसळली गेली आणि इंजिनाचा आवाज आधी जड झाला, मग दोनदा उसळला आणि बंद पडला. फिल्टरची काचेची वाटी उघडली तेव्हा तिच्या तळाशी बोटभर पाणी होते आणि त्यावर चहाच्या चोथ्यासारखा काळा, बुळबुळीत गाळ तरंगत होता. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो थर असतो. बोट स्थिर असेपर्यंत तो टाकीच्या तळाशी निमूट पडून राहतो आणि इंजिनाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच हवामानात वर येतो. टाकीला तपासणीचे झाकण असेल तर ते उघडा, तळातले डिझेल हातपंपाने काचेच्या बरणीत काढून अर्धा तास तसेच ठेवा आणि मग निरखून पाहा. फिल्टरचे दोन-तीन सुटे संच बरोबर असू द्या. ते बदलून इंधनवाहिनीतली हवा काढण्याचे काम धक्क्यावर असतानाच एकदा स्वतःच्या हाताने करा. इंजिनाला समुद्राचे पाणी पुरवणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, हाही बदलून टाका. उभ्या बोटीत त्याची पाती एकाच स्थितीत दबून कडक होतात आणि तुटतात.

तारांचे वय माहीत नसेल, तर त्या जुन्याच आहेत असे धरावे. तार जिथे धातूच्या टोकात दाबून बसवलेली असते, तिथे भिंग लावून केसाएवढी चीर, गंजाचा ओघळ किंवा तुटलेला एखादा धागा दिसतो का ते पाहा. कापसाचा बोळा तारेवरून फिरवला की तुटलेला धागा त्यात लगेच अडकतो. डोलकाठीच्या टोकापर्यंत रिगरला (डोलकाठी आणि तारांचे काम करणाऱ्या कारागिराला) चढवून तपासणी करून घेतल्याशिवाय या प्रवासाला निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगाड्यातून आरपार जाणाऱ्या प्रत्येक नळाची झडप हाताने उघडून-बंद करून पाहा आणि त्या प्रत्येकाशेजारी योग्य मापाचे लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा.

आता वेगाविषयी. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणले की अशा बोटीचा कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. आपल्या बोटीसाठी ही लांबी २८ फुटांच्या आसपास असेल, म्हणजे उत्तर ७ नॉट येते. परंतु तो अनुकूल परिस्थितीतला कमाल आकडा आहे आणि त्यावर आखणी करता येत नाही. वारा समोरून असेल तर बोटीला दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत नागमोडी जावे लागते आणि १४० मैलांचे जवळजवळ २०० मैल होतात. म्हणून एकच वेग न धरता तीन वेगांचा हिशेब मांडा. सकाळी ७ वाजता निघालात, तर ६ नॉटने दुसऱ्या दिवशी सकाळी ६:२० ला, ५ नॉटने ११ वाजता आणि ४ नॉटने संध्याकाळी ६ वाजता पोहोचाल. तिन्ही वेळा उजेडाच्या आहेत, ही या निघण्याच्या वेळेची खरी जमेची बाजू आहे. पहाटे ४ ला निघालात आणि वारा चांगला मिळाला, तर मध्यरात्रीनंतर ३:२० ला एका उथळ तोंडासमोर अंधारात उभे राहाल.

सलग की टप्प्याने, यावर माझा कौल टप्प्याच्या बाजूने आहे, कारण रोज संध्याकाळी आपल्याला थांबण्याची, दुरुस्तीची आणि विचार बदलण्याची संधी मिळते.

शिशाची दोरी

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु शेवटच्या मुद्द्यावर मला वेगळे वाटते. टप्पे अधिक सुरक्षित असतातच असे नाही. खोल, मोकळ्या पाण्यात बोटीला धोका कमी असतो, तो जमिनीजवळ वाढतो. तीन मुक्काम म्हणजे तीन अनोळखी बंदरांत शिरणे आणि तिथून बाहेर पडणे, आणि प्रत्येक वेळी भरती, प्रवाह व उजेड यांचा मेळ नव्याने जुळवणे. वाटेतले एखादे बंदर केवळ भरतीतच उघडे असेल, तर तिथे पोहोचण्याच्या घाईत माणसे चुकीचे निर्णय घेतात. म्हणून नकाशावर वाटेतली प्रत्येक जागा पाहून तिथे कोणत्या वाऱ्यात आणि कोणत्या भरतीत शिरता येईल हे आधीच लिहून ठेवा. जी जागा बहुतेक परिस्थितीत उघडी आहे तीच मुक्कामाची ठरवा, बाकीच्या वगळा.

आपल्या बंदराचे गणित असे करता येईल. नकाशावरची खोली सर्वांत खालच्या ओहोटीची धरलेली असते, आणि तक्त्यातली भरती-ओहोटीची उंची तिच्यात मिळवायची असते. समजा, त्या दिवशी ओहोटीची उंची ०.५ मीटर आणि भरतीची ३.५ मीटर आहे. ओहोटीच्या वेळी तोंडाशी १.५ अधिक ०.५, म्हणजे २ मीटर पाणी असेल. बोटीच्या तळाखाली किमान १ मीटर मोकळे पाणी हवे असे धरले, तर २.८ मीटर पाणी लागते, म्हणजे ०.८ मीटर चढ. भरतीच्या सहा तासांत पाणी एकूण चढाच्या १, २, ३, ३, २ आणि १ अशा बाराव्या भागांनी वाढते. ३ मीटरच्या चढात पहिल्या दोन तासांत ०.७५ मीटर वाढ होते, म्हणून ओहोटीनंतर सव्वादोन तासांनी आत शिरायला हरकत नाही. चढत्या पाण्यातच शिरा. चुकून टेकलात तर पाणीच उचलून बाहेर काढते, आणि बाहेर पडणारा ओहोटीचा प्रवाह आत येणाऱ्या लाटांना भिडून तोंडाशी ज्या उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार करतो त्याही टळतात. शक्य असल्यास उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस सोडून भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस निवडा. प्रवाह मंद असतात, आणि अनोळखी बोटीला ते मानवते.

मात्र हे सारे गणित खोलीमापकावर विसंबून आहे. आधीच्या मालकाने त्याचा शून्य पाण्याच्या पृष्ठभागापासून लावला होता की बोटीच्या तळापासून, हे आपल्याला माहीत नाही. दोन्हींत १.८ मीटरचा फरक पडतो. निघण्यापूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी बोटीच्या कडेने सोडून खरी खोली मोजा आणि यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहा.

इलेक्ट्रॉनिक नकाशा वापरत असाल, तर नकाशा पुरेसा मोठा (झूम) करून संपूर्ण मार्ग इंच-इंच पुढे सरकत पाहा. २०१४ च्या नोव्हेंबरात जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम व्हेस्टास विंड ही बोट मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गादोस काराजोस या प्रवाळखडकांवर रात्री जाऊन आदळली. सर्व नऊ जण बचावले, पण त्या व्यावसायिक पथकाला धोका आधी दिसला नव्हता, कारण नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता.

दुसरी पाळी

मी आणि माझे पती गेली अकरा वर्षे दोघेच प्रवास करतो, म्हणून माणसांच्या बाजूने लिहिते. दोघांच्या बोटीवर एकजण झोपलेला असताना दुसरा एकटाच असतो. त्यामुळे आपल्या पत्नी एकट्याने काय काय करू शकतात आणि आपण एकट्याने काय काय करू शकता, हे निघण्यापूर्वी प्रत्यक्ष करून पाहा: शीड उतरवणे, इंजिन सुरू करणे, बोट थांबवणे, व्हीएचएफ रेडिओसंचावर चॅनेल १६ वर संकटाचा संदेश देणे. संदेशाचे शब्द आणि बोटीचे नाव कागदावर लिहून संचाशेजारी चिकटवा. ५ नॉटच्या वेगात बोट एका मिनिटात १५० मीटर पुढे जाते आणि तेवढ्या अंतरावरून लाटांमधले डोके दिसेनासे होते. म्हणून आमच्याकडे नियम आहे की रात्री, आणि दुसरा आत झोपलेला असताना दिवसाही, हार्नेसची (अंगावरच्या सुरक्षापट्ट्याची) दोरी बोटीला अडकवल्याशिवाय कोणीही कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूच्या जागेत, पाऊल ठेवत नाही आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणीही डेकवर पुढे जात नाही.

पहिल्या रात्री झोप येत नाही, हे गृहीत धरा. आम्ही तीन-तीन तासांच्या पाळ्या लावतो, आणि पहिली पाळी अंधार पडण्याआधीच सुरू करतो, म्हणजे दुसरा थकण्यापूर्वी आडवा होतो. मळमळीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी लागते, त्रास सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

जुन्या बोटीबाबत दोन नोंदी अनेकांच्या ध्यानात येत नाहीत. उपग्रहामार्फत संकटसंदेश देणारे ४०६ मेगाहर्ट्झचे ईपीआयआरबी हे उपकरण आणि व्हीएचएफचा एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओ-ओळख क्रमांक, अजून विक्रेत्याच्या नावावर असतील. बटण दाबल्यावर शोधपथक आपल्या घरी नव्हे, त्याच्या घरी फोन करेल. दोन्ही नोंदी निघण्यापूर्वी आपल्या नावावर करून घ्या आणि बॅटरीची मुदत पाहा. लाइफराफ्टची (फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्याची) तपासणीची तारीख उलटली असेल, तर तो आज बोटीवर नाही असेच समजून तपासणीला द्या.

हवामानाच्या अंदाजात दिलेला वाऱ्याचा वेग सरासरी असतो. झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत अधिक असू शकतात आणि एखादी लाट सांगितलेल्या उंचीच्या दुप्पट येऊ शकते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. पहिल्या प्रवासासाठी १५ नॉटपेक्षा अधिक वाऱ्याचा अंदाज असेल तर निघू नये, ही मर्यादा आम्ही दोघांनी कागदावर लिहून त्याखाली सह्या केल्या होत्या. सुटी संपत आली की मन पळवाटा शोधते, तेव्हा तो कागद उपयोगी पडला. आम्ही त्या खेपेला बोट तिथेच ठेवून बसने परत आलो आणि तीन आठवड्यांनी तिला आणले.

पहिले शीड

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी आपले प्रतिसाद एकत्र बसून वाचले आणि आखणी बदलली. पहिले तीन दिवस त्याच बंदरात राहून सरावफेऱ्या आणि दुरुस्ती करणार आहोत. रिगरशी बोलणे झाले आहे, आणि त्याने काही बदलायला सांगितले तर निघण्याची तारीख पुढे जाईल. वाटेतल्या तीन बंदरांपैकी दोन केवळ भरतीतच उघडी आहेत, हे नकाशा मोठा करून पाहिल्यावर आमच्या लक्षात आले. तिसरे, ६२ मैलांवरचे, खोल तोंडाचे आहे. आता तिथे एक मुक्काम आणि नंतर ७८ मैलांचा दुसरा टप्पा, असा विचार आहे. मात्र या दुसऱ्या टप्प्यात ४ नॉटच्या हिशेबाने साडेएकोणीस तास लागतील, म्हणजे काही भाग अंधारात जाईलच. तो अंधार सुरुवातीला घ्यावा की शेवटी?

खोल पाणी

सुरुवातीला घ्या. त्या बंदराचे तोंड खोल आहे आणि आदल्या दिवशी उजेडात आत येताना ते आपण पाहिलेले असेल. आत येतानाचा मार्ग जीपीएसवर नोंदवून ठेवा आणि त्याच रेषेवरून बाहेर पडा. रात्री १० ला निघालात, तर ६ नॉटने सकाळी ११ ला, ५ नॉटने दुपारी दीडच्या सुमारास आणि ४ नॉटने संध्याकाळी साडेपाचला पोहोचाल. उजेड तिन्ही वेळी मिळतो. आता या साडेसहा तासांत आपल्या बंदराच्या तोंडाशी पाणी चढते असेल असा दिवस भरतीच्या तक्त्यात शोधा. लवकर पोहोचलात तर बाहेर खोल पाण्यात, किनाऱ्यापासून दोन-तीन मैल दूर, शिडे आखूड करून थांबा. आणि टाकीतले डिझेल बरणीत काढाल तेव्हा काय दिसले ते इथे जरूर कळवा, म्हणजे फिल्टरच्या जाळीचे माप कोणते घ्यावे हे सांगता येईल.