मदत हवी आहे: पाथफाइंडरमध्ये लेव्हलप्रमाणे संपत्ती मोजताना मेलेल्या कॅरेक्टरचा हिशेब कसा धरायचा?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास राहणारे आम्ही काही जण रविवारी पाथफाइंडर (प्रत्येकाने आपलं एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, चालवायचा टेबलावरचा कल्पनारम्य खेळ) खेळतो. पहिलीच आवृत्ती, कारण पुस्तकं तीच आहेत आणि नियम नेटवर फुकट वाचता येतात. टेबलं दोन, जीएम (खेळ चालवणारा) आळीपाळीने, खेळाडू सोयीने कधी या टेबलावर तर कधी त्या. म्हणून पद्धत पाथफाइंडर सोसायटीची (या खेळाचे संघटित डाव चालवणाऱ्या मंडळाची, पहिल्या आवृत्तीतली) उचलली: तीन सिनारिओ (छोट्या साहसकथा) झाले की लेव्हल वाढते आणि प्रत्येकाचं गोल्ड (खेळातला पैसा) एका सामायिक शीटमध्ये मांडलं जातं. ते शीट माझ्या गळ्यात.

कोणाकडे किती माल असावा हे ताडायला कोअर रूलबुकातलं कोष्टक घेतो. चौथ्या लेव्हलला ६,००० गोल्ड, पाचव्या लेव्हलला १०,५००, सहाव्या लेव्हलला १६,०००. थोडं मागेपुढे चालवून घेतो.

आता घोळ ऐका. सहाव्या लेव्हलची एक रेंजर (कॅरेक्टरचा एक प्रकार) मेली. रेज डेडला (मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राला) लागणारा हिरा ५,०००चा, वर मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याचे ४५०. उठल्यावर दोन निगेटिव्ह लेव्हल (कॅरेक्टरला कमजोर करणाऱ्या) चिकटतात, त्या काढायला रेस्टोरेशन हा मंत्र दोनदा, प्रत्येकी १,२८०. एकूण ८,०१०, म्हणजे अर्धी कमाई. त्यासाठी बिचारीने ४,०००चा क्लोक निम्म्या किमतीत विकला. त्याच लढाईत एक फायटरही (हाही कॅरेक्टरचा प्रकार) गेला. त्याचा मालक म्हणाला, राहू दे, नवा आणतो. कोष्टकाप्रमाणे नव्याला कोरे १६,००० मिळाले, तेही हव्या त्या वस्तू घ्यायला! आता रेंजरवाली विचारते, मी हिला उठवलं कशाला?

शीटमध्ये ‘आजवर मिळालेलं’ धरावं की ‘आज हातात असलेलं’? मिळालेलं धरलं तर रेंजर कागदावर श्रीमंत आणि मैदानात कंगाल. हातातलं धरलं तर लोक पोशन पाण्यासारखी पितील, कारण खड्डा पुढच्या खजिन्यातून भरून निघणारच. आमच्यातला एक जण सीएची आर्टिकलशिप करतोय, त्याचं म्हणणं ‘खर्च वेगळा, नुकसान वेगळं’. पटतं, पण ७५० गोल्डची क्युअर लाइट वूंड्सची वँड (जखमा भरणारी जादूची कांडी) एकाने घेतली आणि तिचे पन्नास चार्जेस (वापर) सगळ्यांवर उडाले, तर ते काय म्हणायचं?

प्रतिसाद १

तुम्ही सोसायटीची अर्धीच पद्धत घेतलीत. तिथे हे कोष्टक हिशेबात येतच नाही. नवं कॅरेक्टर पहिल्या लेव्हलपासून आणि १५० गोल्डवर सुरू होतं, त्यामुळे मरून श्रीमंत होण्याची सोय नाही. प्रत्येक सिनारिओच्या क्रॉनिकल शीटवर आधीचं, मिळालेलं, खर्चलेलं आणि उरलेलं लिहायचं, संपलं. शिवाय प्रेस्टिज (गोल्डऐवजी वापरता येणारे गुण) असतात, सिनारिओला जास्तीत जास्त दोन. सोळा दिले की रेज डेड, दोन दिले की ७५० गोल्डपर्यंतची वस्तू. म्हणून तिथे प्रत्येक जण आपापली वँड बाळगतो.

प्रतिसाद २

कोष्टकाजवळचा मजकूर कोणी वाचत नाही. नव्या कॅरेक्टरची वाटणी तिथे सुचवली आहे: शस्त्रं २५ टक्के, चिलखत व संरक्षण २५, इतर जादूच्या वस्तू २५, पोशन-स्क्रोल-वँड १५, साधं सामान आणि रोकड १०. म्हणजे १६,००० मधले २,४०० वापरून संपणाऱ्या वस्तूंचे. फायटरकडे ते आहेत का? मला वाटतं, सगळे तलवारीत घातले असणार. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. १५ टक्क्यांपर्यंतचं संपलं तर तो खर्च, भरून द्यायचा नाही. वँड त्यातच.

धागाकर्ता

बरोबर ओळखलंत, सगळं तलवारीत आणि चिलखतात. एकही पोशन नाही, आणि जखमा भरायला दुसऱ्याची वँड!

पहिल्या लेव्हलपासून सुरुवात आमच्याकडे जमणार नाही. माणसं मोजकी, सहाव्या लेव्हलच्या टेबलावर पहिल्या लेव्हलचा आला तर पहिल्याच फटक्यात जाईल. पण प्रेस्टिज आणि पंधरा टक्के दोन्ही घेतो. रेंजरला मागचे प्रेस्टिज द्यावेत का? सहाव्या लेव्हलपर्यंत पंधरा सिनारिओ, म्हणजे तीसपर्यंत जातील.

प्रतिसाद १

द्या. सोळा कापा, ५,४५० परत लिहा, रेस्टोरेशनचे २,५६० तिचे तिने सोसावेत. क्लोकची विक्री मात्र रद्द करा, प्रेस्टिज असते तर तिने तो विकलाच नसता. आलेले २,००० तेवढे वळते करून घ्या.