रिटायर पीआय साहेबांच्या लेटरहेडवर गाळा खाली करायचं पत्र आलंय, काय करू?

सिडकोकर_बाळा
वडिलांचं सिडकोत सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे, गाळा भाड्याचा. भाडेवाढीवरून मालकाशी वाजलंय. त्याचे साडू पोलिसात पीआय (पोलीस निरीक्षक) होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. काल एक पोरगा पाकीट देऊन गेला, आत पोलिसांचा लेटरहेड, वर सद्रक्षणाय खलनिग्रहणाय, पोलीस स्टेशनचं नाव, खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. "आपणांस समज देण्यात येते की आठ दिवसांत गाळा रिकामा करावा, अन्यथा योग्य ती कायदेशीर कारवाई करण्यात येईल." गंमत म्हणजे तारखेच्या जागी "/ /२००" असं आधीच छापलेलं, त्यातलं शेवटचं शून्य पेनाने गिरवून त्याचा दोन केलाय आणि पुढे पाच लिहिलाय, म्हणजे पॅड कधीचं ते बघा. वडील ६३ चे, जाम घाबरलेत, सामान आवरायला लागलेत. हे खरं धरायचं का?

कोर्टातला_कारकून
दादा, आधी वडिलांना सांग शटर उघडून निवांत बसा. पत्रावर जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंद नंबर) आहे का बघ, पोलीस स्टेशनातून निघालेल्या कागदावर तो असतो. आणि असला तरी गाळा खाली करायला लावणं हे पोलिसांचं कामच नाही, तो दिवाणी मामला, भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे त्याला, मालकाने रीतसर कोर्टात जावं. उद्या जबाबासाठी बोलावलं तरी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७९ प्रमाणे ६० च्या वरच्या माणसाला ठाण्यात यायची सक्ती नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

नको_रे_बाबा
कशाला वाकड्यात शिरता, पोलीसवाल्याशी वैर बरं नाही. चार माणसं मध्ये घाला आणि मिटवा.

गंगापूररोड_काका
मिटवायचं ते भाड्याचं मिटवा, पत्राचं कसलं मिटवता? मी स्वतः खात्यातून रिटायर आहे. जुनी पॅडं घरी पडून राहतात, आमच्याकडे नातवंडं मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायची, त्यात काही नाही. पण त्यावर सही ठोकून कोणाला समज देणं म्हणजे नसलेलं पद मिरवणं, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम २०४, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि मला खरी शंका शिक्क्याची येते, चार्ज सोडताना शिक्के जमा करायचे असतात, हा आला कुठून? तिथला चालू नोकरीतला कोणी मारून देत असेल तर तो पण खात्याच्या चौकशीत जाईल. कागदावर सिंहाची राजमुद्रा छापलेली असेल तर २००५ चा वेगळा कायदा आहे, त्याच्या नियमांत निवृत्त अधिकाऱ्यांनी ती वापरायची नाही असं स्पष्ट लिहिलंय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. बाळा, त्या ठाण्यात जाऊन जावक बारनिशीत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या रजिस्टरात, नोंद आहे का विचार.

सिडकोकर_बाळा
जाऊन आलो. काका, सिंह छापलेत डाव्या कोपऱ्यात. ठाणे अंमलदार पहिल्यांदा म्हणाले सोडून द्या, म्हातारे झालेत साहेब, पण मी जावक क्रमांक विचारला तर बारनिशी काढली आणि नोंदच नाही. मग वडिलांच्या नावाने लेखी अर्ज दिला. घेत नव्हते, मी म्हटलं मग सीपी (पोलीस आयुक्त) ऑफिसला देतो, तेव्हा घेतला आणि पोच दिली. मूळ पत्र मागत होते, अजून दिलं नाही. देऊ का?

कोर्टातला_कारकून
नुसतं हातात देऊ नको, एकदा गेलं की गेलं. आत्ता अर्जाला झेरॉक्स लाव. पुढे तपास अधिकाऱ्याने पंचनामा करून रीतसर जप्त केलं तरच मूळ द्यायचं, आणि पंचनाम्याची कॉपी मागून घ्यायची. पाकीट पण ठेव, आणि तो पोरगा कोण होता ते आठवत असेल तर आजच लिहून काढ.