मामांच्या दोन लेन्स आणि कॅनन की निकॉनचा जुना घोळ

शेवंती४४

शीर्षक वाचून अर्धी मंडळी कपाळावर हात मारणार, ठाऊक आहे. पण माझ्या प्रश्नाला एक शेपूट आहे, तेवढं वाचून मग मारा.

मुलगी बॅडमिंटन खेळते. दोन वर्षं मोबाइलवर फोटो काढून माझ्याकडे तिच्या धूसर कोपरांचा भरगच्च संग्रह जमला आहे. शटलकॉक एकाही फोटोत सापडलेलं नाही. हॉल बंदिस्त, वर ट्यूबलाइटच्या रांगा, मी कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात, सहा-सात मीटरवर. फ्लॅश अर्थातच मारता येत नाही.

वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचं ठरलंय. निकॉन डी५६००, निकॉन डी७२०० आणि कॅनन ८०डी, या तिघांवर गाडी अडलीय. तिन्ही २४ मेगापिक्सेलचे, म्हणजे त्या आकड्यावरून काही ठरत नाही.

आता शेपूट. मामा फिल्मच्या काळापासूनचे निकॉनवाले. त्यांनी ५० मिमी एफ/१.८डी आणि ७०-३०० एफ/४-५.६डी अशा दोन लेन्स माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "बॉडी निकॉनची घे, बाकी सगळं आहेच." दुसरीकडे नणंद कॅननवाली. तिच्याकडे ८५ मिमी एफ/१.८ आहे आणि "हवी तेव्हा ने" असं तिने सांगून ठेवलंय. मामांचा मान राखावा आणि हलका म्हणून डी५६०० घ्यावा, असं मन म्हणतंय. चुकतेय का?

रंगपेटी

कॅनन. माणसांच्या त्वचेचे रंग कॅननसारखे कुणाचेच नाहीत. विषय संपला.

जुनीरीळ

विषय आत्ता सुरू होतोय. रॉ फाइल (कॅमेऱ्याने रंग न बसवलेली कच्ची फाइल) काढून संगणकावर रंग बसवायला शिकलं की त्वचेच्या रंगाचं भांडण निम्मं मिटतं. ताईंचा खरा धोका भलतीकडेच आहे आणि कुणी वेळेवर सांगितलं नाही तर पुढे रडायची पाळी येईल.

ताई, मामांच्या त्या दोन्ही लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. मोटर बॉडीत असते आणि माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या कड्याच्या, कडेला असलेली छोटी फिरणारी पिन लेन्सचं फोकस फिरवते. डी७२००मध्ये ती मोटर आहे. डी५६००मध्ये नाही. म्हणजे डी५६००वर मामांची लेन्स बसेल, एक्स्पोजर मोजेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. बॅडमिंटनला. करून बघा आणि मला कळवा.

पडताळायला सोपं आहे. लेन्स उलटी करा, धातूच्या कड्यात स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसेल. मग बॉडीच्या माउंटवर तिची जोडीदार पिन आहे का ते पाहा.

ही भानगड का झाली, तर निकॉनने १९५९चा एफ माउंट डीएसएलआरपर्यंत सोडलाच नाही. ऑटोफोकस आला तेव्हा जुन्या लेन्सवाल्यांना दुखवायचं नाही म्हणून मोटर बॉडीत घातली. कॅननने १९८७ साली जुना एफडी माउंट सरळ टाकून दिला, ईएफ आणला आणि प्रत्येक लेन्समध्ये स्वतःची मोटर दिली. तेव्हा लोकांनी खूप शिव्या घातल्या. पण त्याचा फायदा असा की १९८७पासूनची कॅननची कुठलीही ऑटोफोकस ईएफ लेन्स ८०डीवर आपलं आपण फोकस करते. पुढे निकॉनही लेन्समध्ये मोटर देऊ लागला, त्या एएफ-एस. डी५६००ला त्या किंवा तशाच मोटरवाल्या एएफ-पी लागतात. मामांच्या पेटीत तशी एकही नाही.

तिरकसनजर

२०२०नंतर दोघांपैकी कुणीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. तुम्ही बुडत्या दोन जहाजांपैकी कुठलं बरं, असं विचारताय. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा प्रकार, घ्या.

जुनीरीळ

आणि मामांच्या लेन्सचं काय? निकॉनच्या झेड, म्हणजे मिररलेस, बॉडीवर जुन्या लेन्स बसवणारा एफटीझेड ॲडॉप्टर लावला तरी त्यातही मोटर नाही. या लेन्स तिथेही हातानेच फिरवाव्या लागतील. कोर्टवर उभं राहून सल्ला दे रे बाबा.

पाणकोंबडी

मी पक्षी काढते, त्यामुळे माझं मत थोडं बाजूचं आहे. पण अंधार आणि हालचाल हे दोन शत्रू आपले सारखेच.

ब्रँड बाजूला ठेवून आधी लेन्सचा हिशेब करा. हॉलमध्ये शटर १/५०० सेकंद तरी लागेल, स्मॅश गोठवायचा तर १/१०००. एफ/१.८ला एफ/५.६च्या जवळजवळ दहापट प्रकाश मिळतो. म्हणजे ५० मिमी १.८वर जिथे १/५०० मिळतं, तिथे ७०-३०० लांब टोकाला १/५०वर येऊन बसते. ती झूम मैदानी खेळाला ठेवा, हॉलमध्ये नेऊच नका. सहा-सात मीटरवर ५० छान बसेल. जाळीपलीकडची बाजू हवी असेल तर नणंदेची ८५ भारी पडेल. क्रॉप सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, या तिन्ही बॉडीत तोच आहे) निकॉनची ५० साधारण ७५सारखी दिसते आणि कॅननवर ८५ साधारण १३६सारखी. हे गणित करून मगच बॉडीकडे वळा.

एक गोष्ट कुणी बोललं नाही, ट्यूबलाइटचं लुकलुकणं. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/५००ला तुम्ही त्या चढउताराचा छोटासा तुकडाच पकडता, म्हणून लागोपाठच्या फ्रेममध्ये एक उजळ, एक काळवंडलेली, एक पिवळट. ८०डीमध्ये यावर उपाय आहे: दिवा सर्वांत उजळ असताना शटर सोडायचं. लागोपाठ फोटो काढण्याचा वेग जरा कमी होतो, पण फ्रेम सारख्या येतात. डी७२००मध्ये ही सोय फक्त व्हिडिओसाठी आहे, फोटोसाठी नाही.

वापरलेली बॉडी घेताना किती फोटो निघालेत तो आकडा बघाच. डी७२००चं शटर दीड लाखासाठी तपासलेलं असतं. आणि १.८ उघडी ठेवून तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीवर फोकस तपासा. पुढे-मागे पडत असेल तर ८०डी आणि डी७२००मध्ये ते दुरुस्त करता येतं, डी५६००मध्ये नाही.

खडूफळा

पेंटॅक्सचं नाव घेतलं की सगळे माझ्याकडे असं बघतात, पण बॉडीतच कंप आवरणारी सोय देतो तो. फक्त हलतोय तो खेळाडू, हात नव्हे. तेव्हा या कामाला तिचा उपयोग नाही. आपलं उगीच सांगितलं.

शेवंती४४

सगळ्यांचे आभार. रविवारी लेन्स उलटी केली, खाच सापडली. डी५६०० त्याच क्षणी यादीतून गेला. जुनीरीळ, तुमच्यामुळे वाचले.

मग ७०-३०० उजेडाकडे धरली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, पार मधल्या काचेपर्यंत. मामांना अजून सांगितलेलं नाही.

तर उरली एकटी ५०. मैत्रिणीचा डी७२०० आणि नणंदेच्या ओळखीतला ८०डी एकाच संध्याकाळी हॉलमध्ये नेले. डी७२०० हातात जास्त आवडला, खोटं कशाला बोलू. खोबण खोल आहे, करंगळी लोंबकळत नाही. फोकसही जास्त वेळा नेमका लागला असं मला वाटलं, पण त्या दिवशी मी शिकत होते आणि मुलगी चिडलेली होती, तेव्हा ते धरू नका. मात्र पाणकोंबडी म्हणाल्या तसंच झालं. सहा फ्रेमपैकी दोन पिवळट आल्या. ८०डीवर ती सोय चालू केल्यावर एकसारख्या. त्यावर नणंदेची ८५ लावली आणि पहिल्यांदाच शटलकॉक फोटोत आलं. धूसर नव्हे, पिसांसकट.

८०डी घेतेय.

मामांना कसं सांगायचं हाच काय तो प्रश्न आहे. निकॉनची लेन्स कॅननवर बसते का?

जुनीरीळ

बसते! निकॉनमध्ये माउंटपासून सेन्सरचं अंतर ४६.५ मिमी, कॅननमध्ये ४४. म्हणजे मध्ये अडीच मिमीची कडी बसायला जागा आहे आणि लेन्स दूरवर नीट फोकस होते. उलट करायचं, म्हणजे कॅननची लेन्स निकॉनवर, तर मध्ये काच घालावी लागते आणि चित्र बिघडतं. शिवाय मामांची ५० 'डी' जातीची, तिला ॲपर्चरचं (प्रकाश आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारं) कडं आहे, तेव्हा ते हाताने ठेवता येईल. फोकसही हातानेच. बॅडमिंटनला नाही, पण मुलगी घरी खिडकीपाशी बसून रॅकेटला ग्रिप गुंडाळत असेल तेव्हा ती लावा आणि तो फोटो मामांना आधी दाखवा. बुरशीचं नंतर सांगा.

शेवंती४४

कडी मागवते. एक विचारायचं राहिलं: निकॉनची लेन्स आणि कॅननची लेन्स लावताना उलट्या दिशांनी फिरतात, हे मलाच जाणवलं की खरंच तसं आहे? नणंदेची ८५ काढताना मी दोनदा आवळली.

पाणकोंबडी

खरंच तसं आहे. मीही आवळली होती.